पावसाळ्यात मान टाकणारी पीस लिली: माती ओली असूनही रोप का सुकते आणि ते कसे वाचवावे

आषाढ निम्मा सरतो, चार-पाच दिवस सूर्याचे दर्शन होत नाही, आणि एके सकाळी दिवाणखान्यातल्या पीस लिलीची सगळी पाने कुंडीच्या काठावरून खाली लोंबताना दिसतात. उन्हाळ्यात हेच रोप अशीच मान टाकते, तेव्हा तांब्याभर पाणी घातले की दोन-तीन तासांत ते पुन्हा ताठ उभे राहते, आणि त्या अनुभवावर विसंबून आपण पावसाळ्यातही पाणीच घालतो. या वेळी मात्र पाने उठत नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी थोडे पाणी घातले जाते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी खालची पाने पिवळी पडू लागतात, आणि पंधरवड्यात कुंडीत काळपट, लिबलिबीत देठांचा झुबका तेवढा उरतो. पुण्यातल्या आमच्या घरी सलग दोन पावसाळ्यांत दोन रोपे अशीच गेली. तिसऱ्या वर्षी तिसरे रोपही त्याच मार्गाला लागले होते, परंतु ते वाचले आणि आजही उत्तरेच्या खिडकीजवळ उभे आहे. हे टिपण मुख्यतः पावसाळ्यातील या मान टाकण्याविषयी आहे; पानांची टोके जळणे आणि फुले न येणे या पीस लिलीच्या नेहमीच्या दोन तक्रारींची मुळेही बऱ्याच अंशी तिथेच असल्यामुळे त्यांचाही विचार पुढे केला आहे.

तहान की गुदमर?

पहिली दोन रोपे गेल्यावर सोसायटीतल्या माळीकाकांनी एकच वाक्य सांगितले होते: "ताई, पानाकडं बघू नका, कुंडी उचलून बघा." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. तहानलेले रोप आणि पाण्यात गुदमरलेले रोप वरून जवळपास सारखेच दिसते, कारण दोन्ही वेळा पानांपर्यंत पाणी पोहोचत नसते. एकदा ते कुंडीत नसते म्हणून, आणि एकदा ते असूनही मुळे ते उचलू शकत नाहीत म्हणून. भरपूर पाणी घालून निथळू दिलेली कुंडी एकदा दोन्ही हातांनी उचलावी आणि तिचे वजन हाताला ठाऊक करून द्यावे. पुढे पाने लोंबलेली दिसली की आधी कुंडी उचलावी. ती हलकी लागली तर रोपाला पाणी हवे आहे. ती जड असेल तर पाण्याचा तांब्या खाली ठेवावा.

मोठी कुंडी उचलणे शक्य नसेल तर जळून गेलेल्या उदबत्तीची काडी कामाला येते. ती कुंडीच्या कडेने सरळ तळापर्यंत खुपसावी, दहा मिनिटे तशीच राहू द्यावी आणि मग बाहेर काढून पाहावी. बोट खुपसून पाहिल्याने वरच्या दोन इंचांचीच अवस्था कळते, आणि पीस लिलीच्या बाबतीत ती हमखास फसवी असते, कारण कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, वरचा थर पंख्याच्या वाऱ्याने फिकट व कोरडा होतो तेव्हा तळाशी मात्र चिखल असू शकतो. काडीचा खालचा अर्धा भाग गडद व ओला असेल, त्याला माती चिकटून येत असेल, तर पाणी घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ती काडी नाकाशीही धरून पाहावी. ओल्या मातीचा वास सगळ्यांच्या ओळखीचा असतो. त्याऐवजी अनेक दिवस न उपसलेल्या हौदासारखा कुजट वास आला, तर तळाशी सडण्याची क्रिया सुरू झाली आहे असे समजावे.

आणखी दोन खुणा पाहण्यासारख्या आहेत. तहानेने पाने लोंबतात तेव्हा ती सगळी एकदमच लोंबतात, परंतु त्यांचा हिरवा रंग टिकून असतो, आणि मातीचा गोळा आक्रसून कुंडीच्या कडेपासून थोडा सुटलेला असतो. मुळे सडलेली असतात तेव्हा खालची जुनी पाने पिवळी पडलेली असतात, देठ बुंध्याशी तपकिरी व मऊ झालेले असतात, आणि असे एखादे पान हलकेच ओढले तर ते जोर न लावताच हातात येते.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, ही गोष्ट आपण कुंडीतल्या झाडांच्या बाबतीत सहज विसरतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि तिच्यातील प्राणवायूवर मुळांचा श्वास चालतो. या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की प्राणवायू मुळांपर्यंत पोहोचेनासा होतो, कारण हवेच्या मानाने पाण्यातून त्याचा प्रसार सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. श्वास कोंडलेली मुळे पाणी आत घेण्याची क्षमता गमावतात, आणि अशा दुबळ्या मुळांवर बुरशी चढते. पीस लिलीच्या मुळांवर येणारी सिलिंड्रोक्लॅडियम नावाची बुरशी व्यावसायिक रोपवाटिकांनाही त्रास देते. ती जुनी माती, न धुतलेल्या कुंड्या आणि उडणारे पाणी यांच्यामार्फत एका रोपावरून दुसऱ्यावर जाते. माझे दुसरे रोप मी पहिल्याच्याच कुंडीत, त्याच मातीत लावले होते, हे येथे कबूल करून टाकते.

येथे एक शंका रास्त आहे. पीस लिली हे मूळचे कोलंबिया, व्हेनेझुएला या भागांतील दमट जंगलांत, बहुधा ओढ्याकाठी वाढणारे झाड. शिवाय अनेकजण ते काचेच्या बरणीत निव्वळ पाण्यात वाढवतात आणि ते महिनोन्महिने चांगले राहते. मग ओल्या मातीत ते का सडावे? ओढ्याकाठचे पाणी वाहते असते आणि जंगलातील जमीन पालापाचोळ्याने भुसभुशीत झालेली असते. बरणीतील रोपाला पाण्यात फुटलेली मुळे हवेच्या पोकळ्या घेऊनच वाढतात, आणि आपण ते पाणी आठवड्याला बदलतोही. कुंडीच्या तळाशी साचलेल्या चिखलात यांपैकी काहीच नसते.

कुंडीबाहेर काढल्यावर

जड कुंडी, कुजट वास आणि पिवळी पाने अशी तिन्ही लक्षणे जुळली, तर "थोडे दिवस पाणी बंद करून पाहू" हा उपाय बहुधा उशीर करणाराच ठरतो. पावसाळी हवेत कुंडी आपोआप सुकायला दोन-दोन आठवडे लागतात आणि तोवर उरलेली मुळेही जातात. रोप बाहेर काढणे हाच मार्ग आहे आणि त्यासाठी मुहूर्त पाहू नये.

मी तिसरे रोप बाहेर काढले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे, प्लॅस्टिकची कुंडी ज्या चिनी मातीच्या शोभेच्या कुंडीत ठेवली होती, तिला भोक नव्हते आणि तिच्यात दोन बोटे पाणी साचलेले होते. वरून काहीच दिसत नव्हते, आणि आतली कुंडी मात्र जवळपास महिनाभर त्या पाण्यात बसून होती. दुसरी गोष्ट अधिक शिकवणारी होती. रोप आणल्यावर मी ते मोठ्या कुंडीत हलवून भोवती चांगले भुसभुशीत मिश्रण भरले होते, परंतु मधला नर्सरीचा लाल मातीचा गोळा जसाच्या तसा ठेवला होता, कारण "मुळांना धक्का लागू नये" असे ऐकलेले होते. तो मुठीएवढा गोळा चिकण व गच्च होता, आणि त्याच्यातली जवळपास सगळी मुळे काळी पडली होती. गोळ्याबाहेर भुसभुशीत मिश्रणात शिरलेली आठ-दहा मुळे मात्र पांढरट व टणक होती. रोप वाचले ते त्या आठ-दहा मुळांवर.

सडलेले मूळ ओळखायला अवघड नसते. ते चिमटीत धरून हलकेच खाली ओढले की त्याची साल मोज्यासारखी निसटून येते आणि आतला दोऱ्यासारखा बारीक गाभा तेवढा शिल्लक राहतो. असे प्रत्येक मूळ निरोगी भाग लागेपर्यंत कापून टाकावे. त्याआधी नळाच्या बारीक धारेखाली मुळांमधली जुनी माती पूर्णपणे धुऊन काढावी. काही रोपांच्या मुळांशी लहान जाळीची किंवा कापडासारख्या कागदाची पिशवी असते, तीही कात्रीने कापून काढावी. कात्री स्पिरिटने पुसलेली असावी आणि एक रोप कापून झाल्यावर दुसऱ्याला हात लावण्यापूर्वी ती पुन्हा पुसावी. कापलेल्या जागी हळद किंवा दालचिनीची पूड लावावी असे पुष्कळजण सांगतात. त्याने अपाय होत नाही, परंतु स्वच्छ कात्री आणि नवी माती यांचे महत्त्व त्याहून कितीतरी अधिक आहे. कृषी सेवा केंद्रात मिळणारी ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची पूड नव्या मिश्रणात मिसळता येते, मात्र ती पुढच्या संसर्गाला आळा घालण्यासाठी आहे. सडलेले मूळ तिने परत येत नाही.

मुळे जितकी गेली त्या मानाने पानेही कमी करावी लागतात. हे जिवावर येते, पण उरलेली थोडी मुळे सगळ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. पिवळी, डागाळलेली आणि सर्वांत जुनी पाने बुंध्यापासून कापावीत. फूल असेल तर तेही काढावे. मग उरलेल्या मुळांच्या मानाने कुंडी निवडावी. माझे रोप ८ इंची कुंडीतून ५ इंची कुंडीत आले, आणि ते दिसायला अगदी केविलवाणे दिसत होते. मोठ्या कुंडीत थोडी मुळे लावली की न वापरले गेलेले पाणी पुन्हा साचते आणि सगळे पूर्वपदावर येते.

मिश्रणासाठी मी धुतलेले कोकोपीट दोन भाग, गांडूळखत एक भाग, परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खनिज) एक भाग आणि कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे एक भाग असे प्रमाण ठेवते. कोळसा इस्त्रीवाल्याकडे मिळतो. राख मात्र चाळून टाकावी. परलाइट मिळत नसेल तर भाताची तुसे किंवा विटेचे बारीक तुकडे चालतात, परंतु विटेची पूड चालत नाही, कारण ती पोकळ्या बुजवते. कोकोपीट धुण्यामागे कारण आहे: नारळाचा काथ्या पुष्कळदा खाऱ्या पाण्यात कुजवलेला असतो आणि त्याच्यातले मीठ कोकोपीटच्या विटेबरोबर आपल्या घरी येते. तळाशी खडीचा जाड थर द्यावा हा सर्वमान्य सल्ला मला पटत नाही. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजी उतरत नाही. ते खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ थबकते. भोकावर खापराचा एक तुकडा किंवा जाळीचा तुकडा एवढे पुरे आहे.

पुनर्लागवडीनंतर एकदा पाणी घालून पूर्ण निथळू द्यावे आणि कुंडी उजेडाच्या, परंतु ऊन न येणाऱ्या जागी ठेवावी. निदान सहा आठवडे कोणतेही खत देऊ नये. पहिले दोन आठवडे रोप काहीच करत नाही, एखादे पान आणखी पिवळे पडते आणि आपला धीर सुटू लागतो. मधोमध, जुन्या देठाच्या खोबणीतून, पोपटी रंगाची घट्ट गुंडाळलेली सुरळी वर येताना दिसली की मुळे चालू झाली असे खुशाल समजावे. माझ्याकडे ती चोविसाव्या दिवशी दिसली.

वेळापत्रक नको, उजेड हवा

रोप दगावते त्याचे बीज बहुतेक वेळा "सोमवारी आणि गुरुवारी पाणी" अशा वेळापत्रकात असते. एप्रिल-मेमध्ये दर तिसऱ्या दिवशी पाणी पिणारे रोप जुलैमध्ये दहा-बारा दिवसांत तेवढे पाणी पीत नाही, कारण हवा आधीच दमट असते, उजेड कमी असतो आणि पानांतून बाष्प जवळपास जात नाही. कधीकधी सकाळी पानांच्या टोकांवर पाण्याचे थेंब दिसतात. ते दव नसून मुळांनी उचललेले जास्तीचे पाणी पानाने टोकाशी बाहेर टाकलेले असते. असे थेंब आजार नाहीत, मात्र ते दिसत असताना पाणी घालण्याची घाई करू नये. पाणी घालावे तेव्हा ते तळातून वाहीपर्यंत घालावे, अर्ध्या तासाने ताटलीतले पाणी ओतून द्यावे, आणि पुन्हा कुंडी हलकी होईपर्यंत थांबावे. रोज अर्धी वाटी पाणी घालणे हा सर्वांत वाईट प्रकार आहे.

उजेडाविषयी या झाडाची कीर्ती त्याच्या मुळावर आली आहे. "सावलीत येते" याचा अर्थ आपण "अंधारात येते" असा लावतो आणि ते न्हाणीघराबाहेरच्या बोळात किंवा कपाटाशेजारच्या कोपऱ्यात ठेवतो. हवा शुद्ध करते म्हणून ते शयनगृहात ठेवणारेही पुष्कळ आहेत. या समजाचा उगम अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ च्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग लहान, बंद पेटीत केलेले होते. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा इमारतीतील नेहमीच्या हवेच्या आवकजावकीशी बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० रोपे लागतील असा हिशेब निघाला. त्यामुळे हवेच्या आशेने रोपाला अंधारात बसवण्यात कोणाचाच लाभ नाही. कमी उजेडात रोप जगते हे खरे, पण ते पाणी फार थोडे वापरते, आणि कुंडी ओलीच राहते.

दुपारी रोपाच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर हात वीतभर उंच धरावा. पुसट कडांची, तरीही ओळखू येणारी सावली पडली तर जागा योग्य आहे. सावलीच पडत नसेल तर रोप खिडकीकडे सरकवावे, आणि सावलीच्या कडा धारदार असतील तर पडदा ओढावा. उत्तरेची खिडकी या रोपाला मानवते, मात्र आपल्याकडे एक मेख आहे. पुण्यात मेच्या मध्यास शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य दुपारीसुद्धा डोक्याच्या उत्तरेला असतो. वर्षभर सुरक्षित असलेल्या उत्तरेच्या खिडकीत मेच्या उत्तरार्धात सकाळ-संध्याकाळ थेट ऊन येते आणि पानांवर कागदासारखे पांढरट चट्टे पडतात. ते पाहून पुष्कळजण रोप आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात हलवतात, पाठोपाठ पाऊस सुरू होतो, आणि जुलैतील संकटाची तयारी अशी जूनमध्येच पूर्ण होते.

टोके तपकिरी होणे

पानांची टोके वाळून तपकिरी होणे, आणि तपकिरी भागालगत पिवळी रेघ दिसणे, याचे कारण बहुतेक वेळा पाण्यातील क्षार असतात. पीस लिलीला क्षार आणि फ्लोराइड सोसत नाहीत. पाणी पानांतून बाष्प होऊन जाते, क्षार मात्र पानाच्या टोकाशी साठत राहतात आणि तेथील पेशी मरतात.

आपल्या घरांत याचा सर्वांत मोठा स्रोत म्हणजे आरओ यंत्राचे सांडपाणी. पाणी वाया जाऊ नये या चांगल्या हेतूने ते बादलीत धरून झाडांना घातले जाते. पण यंत्र पिण्याच्या पाण्यातून जे क्षार काढून घेते, ते सगळे याच पाण्यात येतात. समजा, बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात लिटरला ६०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि यंत्र निम्मे पाणी शुद्ध करून निम्मे बाहेर टाकते. तर बाहेरच्या पाण्यातील क्षार १२०० च्या आसपास जातात. या पाण्याने फरशी पुसावी, स्वच्छतागृहात वापरावे. पीस लिलीला ते घालू नये.

पाणी रात्रभर उघडे ठेवले की साधा क्लोरीन बराचसा उडून जातो, पण क्षार आणि फ्लोराइड उडून जात नाहीत, आणि उकळल्याने तर पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. तेथे पावसाचे पाणी साठवून या रोपासाठी वापरणे श्रेयस्कर. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे आणि मग पागोळ्यांखाली बादली लावावी. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणीही क्षारविरहित असते आणि उन्हाळ्यात ते बरेच मिळते. ज्यांना नळाचेच पाणी वापरावे लागते, त्यांनी दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी हळूहळू ओतून ते तळातून वाहू द्यावे, म्हणजे साठलेले क्षार धुतले जातात. हे काम कोरड्या ऋतूत करावे, श्रावणात नव्हे.

वाळलेली टोके पुन्हा हिरवी होत नाहीत. ती कापायची असतील तर पानाच्या मूळ आकाराप्रमाणे तिरकी कापावीत आणि तपकिरी कड केसभर शिल्लक ठेवावी, कारण हिरव्या भागात काप गेला तर तेथून पुन्हा वाळायला लागते.

नर्सरीत फुलांनी भरलेले, घरी फक्त पाने

फुलांची तक्रार करण्यापूर्वी नर्सरीतील फुले कशी आली हे माहीत असायला हवे. पीस लिलीच्या व्यावसायिक उत्पादनात रोपांवर जिबरेलिक आम्ल फवारतात आणि त्यानंतर साधारण अडीच-तीन महिन्यांत एकदम फुले येतात. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार ज्याला नुसते 'जीए' म्हणतात आणि ज्यात मणी लांबवण्यासाठी घड बुडवतात, तेच हे संजीवक. त्याचा प्रभाव ओसरला की रोप आपल्या स्वाभाविक गतीवर येते, आणि ती गती घरातल्या उजेडावर अवलंबून असते. त्यामुळे आणल्यापासून वर्षभर फूल आले नाही म्हणजे आपले काही चुकले, असे नाही.

फूल यावे म्हणून खिडकीशी जवळीक वाढवावी, एवढा एकच उपाय मला खात्रीचा वाटतो. माझे रोप खिडकीपासून आठ फुटांवर होते तेव्हा दोन वर्षांत एकही फूल नव्हते. तीन फुटांवर आणल्यावर पुढच्या फेब्रुवारीत दोन आली. फुलांसाठी म्हणून सुपर फॉस्फेट घालण्याची चूक करू नये; त्याच्यात फ्लोराइडही असते आणि फुलांऐवजी जळलेली टोके मिळतात. नत्राचा मारा केला तर नुसती पाने माजतात. उजेडाच्या महिन्यांत दीड-दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत, किंवा पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव मात्रेत द्रवखत, एवढ्यावर भागते.

आलेले फूल काही आठवड्यांनी हिरवे होऊ लागते, तो आजार नव्हे. ज्याला आपण पांढरी पाकळी म्हणतो ते वास्तविक एक बदललेले पान आहे, ज्याला वनस्पतिशास्त्रात महाछद म्हणतात. खरी फुले मधल्या काटेरी दांड्यावर दाटीने बसलेली असतात. त्या दांड्यावरून पांढरी पूड खालच्या पानांवर सांडते आणि ती बुरशी समजून लोक फवारे मारतात. ते परागकण असतात. ओल्या फडक्याने पुसून टाकावेत. बुरशीची भुकटी कशी ओळखावी, असे कोणी विचारले तर एवढेच सांगता येईल की परागकण फक्त फुलाखालच्या पानांवर पडतात आणि पुसल्यावर खालचे पान स्वच्छ हिरवे असते. देठांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले आणि पान चिकट लागले, तर तो पिठ्या ढेकूण होय. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तो एकेक करून पुसून काढावा आणि आठवड्याने पुन्हा तपासावे.

कुंडीभोवती घोंघावणारी बारीक काळी चिलटे मात्र वेगळी बाब आहे. त्यांच्या अळ्या सतत ओल्या राहणाऱ्या मातीत वाढतात, म्हणून पावसाळ्यात चिलटे दिसणे हा मुळांविषयीचा पहिला इशारा समजावा. बहुधा पाने लोंबण्याच्या आधीच तो मिळतो. निंबोळी तेल फवारण्याआधी आतली कुंडी शोभेच्या कुंडीतून उचलून खाली पाणी साचले आहे का, ते पाहावे.

हे अळूच्या कुळातले झाड आहे, आणि अळू किंवा सुरण ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घशाला खाजतो, तेच कॅल्शियम ऑक्झलेट त्याच्या पानांतही असते. रांगते मूल, मांजर किंवा कुत्रे घरात असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी, आणि पुनर्लागवडीच्या वेळी कापलेली पाने व सडलेली मुळे जमिनीवर पडू न देता लगेच वर्तमानपत्रात गुंडाळून टाकावीत. ती कुंडीतल्या मातीसह घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नयेत. मी दुसऱ्या वर्षी तेही केले होते.